तूट कोणाच्या खात्यावर?

सार्वजनिक आरोग्यसेवेचा प्रश्न निघाला की सत्ताधाऱ्यांच्या आणि त्यांच्या सल्लागारांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. राज्याच्या तिजोरीत तूट आहे. तेव्हा रुग्णालयांनी काटकसर करावी, आपले उत्पन्न आपण वाढवावे, आणि जनतेनेही सगळे फुकट मिळण्याची अपेक्षा सोडावी, अशी ही शिकवण आहे. खानदेशातील जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांचा गेल्या काही वर्षांचा अनुभव समोर ठेवून या शिकवणुकीची झडती घेणे आता अगत्याचे झाले आहे. कारण आमचा आरोप असा आहे की पैशाचे सोंग सरकारच आणीत आहे. आरोग्यसेवेतील तूट कधीच भरून काढली जात नाही. ती एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यावर टाकली जाते, आणि ज्या खात्यावर ती टाकली जाते ते कोणत्याही अंदाजपत्रकात छापलेले नसते.

मुळात सार्वजनिक रुग्णालयाला ‘तूट’ येते असे म्हणणे हीच भाषेची गफलत आहे. अमळनेरच्या गिरणीला तोटा होऊ शकतो, कारण तिला माल विकायचा असतो. पोलीस ठाण्याला, न्यायालयाला किंवा जिल्हाधिकारी कचेरीला यंदा तूट आली, असे कोणी म्हणत नाही. रुग्णालयाच्या दारात आलेल्या माणसांची गरज आणि रुग्णालयाला मिळालेले अनुदान यांत अंतर पडले, तर ते अंतर अपुऱ्या अनुदानाचे असते. रुग्णालयाच्या नफातोट्याचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व १९४६ साली, म्हणजे ब्रिटिश राज्य अजून उभे असताना, भोर समितीने मांडले होते. स्वतंत्र भारतातील आमचे अर्थतज्ज्ञ त्या समितीच्याही मागे गेले आहेत.

आता ही तूट दडवण्याची रीत कशी आहे ते पाहू. मार्च महिन्यात विधिमंडळ अंदाजपत्रक मंजूर करते. वर्तमानपत्रांत आरोग्यासाठी इतक्या कोटींची तरतूद असे मथळे येतात. परंतु मंजूर झालेली तरतूद म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे. वित्त विभाग तो हप्त्याहप्त्याने, संगणकावरील बीम्स नावाच्या प्रणालीतून सोडतो. किती टक्के सोडायचा हे परिपत्रकाने ठरते, आणि पुष्कळदा मोठा हप्ता आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत येतो. मग मार्चअखेर खरेदीची धांदल उडते, निविदा वेळेत पूर्ण होत नाहीत, निधी अखर्चित राहून परत जातो, आणि पुढच्या वर्षी त्याच अखर्चित निधीकडे बोट दाखवून सांगितले जाते की, पाहा, यांना दिलेला पैसाही खर्च करता येत नाही! आधी हात बांधायचे आणि मग हा लुळा आहे म्हणून हिणवायचे, असा हा न्याय आहे.

परंतु याहून सोपी आणि याहून क्रूर युक्ती रिकाम्या जागांची आहे. आरोग्यसेवेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो. डॉक्टरची, परिचारिकेची, प्रयोगशाळा तंत्रज्ञाची जागा मंजूर ठेवायची आणि भरायची नाही, एवढे केले की कोणतीही घोषणा न करता, कोणाचाही रोष न पत्करता कपात होते. विरोधी पक्षाला कपातीचा ठराव आणावा लागतो. वित्त विभागाला तेवढेही कष्ट नाहीत. महालेखापरीक्षकांचा २०१६-१७ ते २०२१-२२ या कालखंडावरील अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला. सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांच्या २२ टक्के आणि परिचारिकांच्या ३५ टक्के जागा रिकाम्या, आणि ज्यांनी नवे डॉक्टर घडवायचे त्या वैद्यकीय शिक्षण विभागात तर डॉक्टरांच्या ३७ टक्के जागा रिकाम्या, असे त्या अहवालाने नोंदवले. हिशेबाच्या भाषेत याला बचत म्हणतात. वॉर्डात एकट्या परिचारिकेला दोघींचे काम करावे लागते, त्या पाळीला मात्र हिशेबात नाव नाही.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली सांगितले होते की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी. महाराष्ट्र, देशातील सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक म्हणून मिरवणारे आमचे राज्य, ५ टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिले आहे आणि इतर राज्यांच्या सरासरीच्याही मागे आहे. ही गरिबी दैवाने आणलेली नाही. ती मंत्रिमंडळाच्या बैठकीत सह्या होऊन येते.

धुळ्याचे उदाहरण घ्या. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग या शहरापाशी एकमेकांना छेदतात. रात्रंदिवस अवजड वाहने धावतात, अपघात होतात आणि डोक्याला मार लागलेली माणसे येथे येतात, ही गोष्ट सांगायला कोणत्याही समितीची आवश्यकता नाही. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे १९८९ पासून आहे. १२ मार्च २०१७ च्या रात्री त्याच्या रुग्णालयात डोक्याला गंभीर दुखापत झालेला एक अपघातग्रस्त आणला गेला. रुग्णालयात मेंदूचा शल्यविशारद नव्हता. तेव्हा कामावर असलेल्या निवासी डॉक्टरने, जे सांगणे भाग होते तेच, म्हणजे रुग्णाला दुसरीकडे हलवा, असे सांगितले. जमावाने त्या तरुण डॉक्टरला अमानुष मारहाण केली. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, आणि सरकारने तोडगा काढला. कोणता? शासकीय रुग्णालयांत १,१०० सुरक्षारक्षक नेमण्याचा!

मारहाण करणाऱ्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. ज्याने काही दिले नाही त्याच्यावर हात उगारण्याऐवजी जो समोर उभा राहिला त्याच्यावर हात उगारणे हा आंधळेपणा आहे, आणि निवासी डॉक्टर हाही या व्यवस्थेत राबणारा श्रमिकच आहे. त्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. परंतु घटनेची साखळी तपासा. शल्यविशारदासाठी पैसा नव्हता, म्हणून उपचार झाले नाहीत. उपचार झाले नाहीत म्हणून उद्रेक झाला. आणि उद्रेक झाल्यावर पहारेकऱ्यांसाठी पैसा निघाला. म्हणजे तिजोरी रिकामी नव्हती. रुग्णाला बरे करण्यासाठी ती बंद होती आणि रुग्णाच्या नातेवाईकांना आवरण्यासाठी उघडली. त्या रात्रीची तूट प्रथम अपघातग्रस्ताने आणि मग एका निवासी डॉक्टरने आपल्या शरीरावर भरली.

जळगावची कथा वेगळी वाटेल, पण हिशेब तोच आहे. सुमारे ४२ लाख लोकसंख्येच्या (२०११ ची जनगणना) आणि पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०१८ साली. वैद्यकीय शिक्षण खाते त्या वेळी जामनेरच्या गिरीश महाजन यांच्याकडेच होते, त्यामुळे उद्घाटनांची आणि फलकांची वाण पडली नाही. महाविद्यालय यावे ही मागणी योग्यच होती. आपल्या मुलांनी डॉक्टर व्हायला पुण्या-मुंबईलाच का जावे? पण ते आले कसे? नवे रुग्णालय बांधून, नव्या खाटा वाढवून, मग त्यावर महाविद्यालय उभे करायचे, ही सरळ रीत झाली. त्याऐवजी होते तेच जिल्हा रुग्णालय, लोकांच्या भाषेत ‘सिव्हिल’, सार्वजनिक आरोग्य विभागाकडून काढून वैद्यकीय शिक्षण विभागाला जोडण्यात आले. चिंचोली शिवारातील भव्य वैद्यकीय संकुलाचे चित्र पुढे दाखवण्यात आले. खाते बदलले, पाटी बदलली. शिरसोली-म्हसावदहून येणारी बाई मात्र त्याच दारात आली.

खाते बदलल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाले. स्वातंत्र्यदिनापासून शासकीय रुग्णालयांत सर्व उपचार मोफत, असा निर्णय मोठ्या गाजावाजाने जाहीर झाला. निर्णय चांगला होता. समाजवाद्यांनी वर्षानुवर्षे जे मागितले तेच होते. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांपुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यातून वगळली. म्हणजे चोपड्याच्या किंवा रावेरच्या सरकारी रुग्णालयात, जेथे तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री बेताचीच, तेथे उपचार मोफत; आणि तेथून ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी देऊन ज्या जळगावला किंवा धुळ्याला पाठवले, तेथे केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्काची खिडकी उघडीच. साध्या तापाला मोफत आणि मोठ्या दुखण्याला शुल्क! सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा किंवा तडवी कुटुंबाला मंत्रालयातील दोन विभागांची हद्द कोठे लागते हे कोणी समजावून सांगायचे? त्यांना एवढेच कळते की रुग्णालय सरकारी आहे आणि पैसे मागितले जात आहेत.

त्याच जळगावच्या रुग्णालयात जून २०२० मध्ये जे घडले त्याने सारा महाराष्ट्र हादरला होता. करोनाबाधित एक वृद्धा वॉर्डातून बेपत्ता झाल्याची नोंद झाली, आणि आठ दिवसांनी, १० जूनला, तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. जळगाव त्या काळात मृत्युदराच्या बाबतीत देशातील सर्वांत वाईट जिल्ह्यांत गणले जात होते. अधिष्ठाता निलंबित झाले, आणखी काही जणांवर कारवाई झाली, जिल्हाधिकारी बदलले. जबाबदारी निश्चित झाली, असे सांगण्यात आले. ज्यांनी कर्तव्यात कसूर केली त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण आठ दिवस एका स्वच्छतागृहाचे दार कोणी उघडत नाही, याचा साधा अर्थ एवढाच की ते स्वच्छ करणारे, फेरी मारणारे, रुग्णांची मोजदाद करणारे पुरेसे हात तेथे नव्हते किंवा असलेले हात कोणाच्या देखरेखीखाली नव्हते. हे हात अनेक वर्षांच्या भरतीबंदीने आणि ठेकेदारीने कापले गेले होते. भरतीबंदीच्या आदेशावर सह्या करणारा एकही अधिकारी निलंबित झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगून टाकू, कारण ती राज्यभर सारखीच आहे. २०१७ नंतर औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. हेतू भ्रष्टाचार रोखण्याचा होता म्हणतात. जिल्ह्यातून मागणीपत्रे गेली, पैसे गेले, औषधे मात्र आली नाहीत किंवा फार उशिरा आली. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात अवघ्या ४८ तासांत नवजात अर्भकांसह ३१ रुग्ण दगावले तेव्हा सरकारला स्थानिक खरेदीची आठवण झाली आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्याआधीच कायदा करून नवे खरेदी प्राधिकरण निर्माण केले होते. तमिळनाडूने हेच काम १९९० च्या दशकाच्या मध्यापासून स्वतंत्र महामंडळामार्फत, गोदामनिहाय साठ्याचा हिशेब ठेवून, चोखपणे करून दाखवले आहे. केंद्रीकरण हा दोष नाही. हिशेबाविना केंद्रीकरण हा दोष आहे. आणि त्या दोषाचा भुर्दंड कोण भरतो, हे पाहायचे असेल तर कोणत्याही शासकीय रुग्णालयासमोरच्या औषध दुकानांची रांग पाहावी.

या सर्व काळात सरकारने आरोग्यावर खर्चच केला नाही असे आम्ही म्हणत नाही. खर्च केला, पण त्याचा प्रवाह वळवला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. एका कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता सरकारने विमा कंपनीला द्यायचा आणि दीड लाखांपर्यंतचे उपचार यादीतील रुग्णालयाने करायचे, अशी ती योजना. पुढे ती महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि २०२४ पासून पाच लाखांपर्यंत वाढली. या योजनेने कित्येकांचे हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे उपचार झाले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु विम्याच्या यादीत शस्त्रक्रिया असतात, रोजच्या रोज घ्यायची रक्तदाबाची गोळी नसते. जेथे सरकारी रुग्णालय दुबळे तेथे विम्याचा पैसा खासगी रुग्णालयाकडे वाहतो. आणि तो तिकडे वाहिला की सरकारी रुग्णालय आणखी दुबळे होते. महात्मा फुल्यांचे नाव देऊन सार्वजनिक पैशाची वाट खासगी दाराकडे काढणे, हा विनोद ज्यांना सुचला त्यांच्या धाडसाची तारीफ करावी तेवढी थोडीच.

शुल्क लावण्याची कल्पनाही येथे उगवलेली नाही. जागतिक बँकेने १९८७ साली विकसनशील देशांना रुग्णशुल्काचा उपदेश केला, आणि १९९९ पासून तिच्याच कर्जावर महाराष्ट्रात आरोग्यसेवा विकास प्रकल्प चालला. जी रक्कम शुल्कातून येते ती राज्याच्या एकूण खर्चाशी ताडून पाहिली तर नगण्य ठरते. मग ती घ्यायची कशाला? कारण शुल्काचे खरे काम पैसा उभारण्याचे नसते. आरोग्यसेवा हा तुमचा हक्क नसून तुम्ही विकत घेतलेली वस्तू आहे, ही सवय लावण्याचे असते. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली सुरू करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी हे ओळखले होते. १९५१ च्या अंदाजपत्रकात त्यांच्याच मजूर पक्षाच्या अर्थमंत्र्याने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसवले. पहिल्या वर्षी त्यातून मिळायचे होते अवघे १.३ कोटी पौंड. आणि त्याच वेळी शस्त्रसज्जतेसाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा कार्यक्रम मंजूर झाला होता. बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आमच्याकडे रुग्णशुल्काच्या प्रश्नावर कोणा मंत्र्याने खुर्ची सोडल्याचे उदाहरण नाही. त्याच प्रश्नावर खुर्ची मिळाल्याची असतील.

आता ‘पैसा कोठून आणायचा’ या प्रश्नाकडे वळू. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवण्यात आली. त्याच अंदाजपत्रकात कार्यक्रमखर्चासाठी सार्वजनिक आरोग्य विभागाला ३,८२७ कोटी आणि वैद्यकीय शिक्षण विभागाला २,५१७ कोटी रुपये होते. आणि त्याच भाषणात नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा खर्च ८६,३०० कोटी रुपये सांगण्यात आला, जो महामार्ग त्याच्या वाटेवरील शेतकऱ्यांनाच नको आहे. महामार्गाचा खर्च अनेक वर्षांत विभागला जाईल, कर्जातून उभा राहील, हे आम्हाला ठाऊक आहे. वर्षाची रक्कम आणि प्रकल्पाची रक्कम यांची सरळ तुलना होत नाही, हेही मान्य. पण कर्ज काढण्याची हिंमत रस्त्यासाठी होते आणि परिचारिकेच्या पगारासाठी होत नाही, हा फरक हिशेबाचा नाही, वर्गाचा आहे. रस्त्याच्या ठेक्यात ठेकेदार असतो. परिचारिकेच्या पगारात कोणालाही टक्का मिळत नाही.

जी माणसे तरीही ही सेवा उचलून धरतात त्यांची काय संभावना होते तेही पाहावे. आशा सेविका ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर २००५ पासून आल्या. त्यांना सेविका म्हणतात, कारण कर्मचारी म्हटले की वेतन द्यावे लागते. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील संपात त्यांना दरमहा ७ हजारांच्या वाढीचे आश्वासन मिळाले. शासननिर्णय निघेना म्हणून जानेवारी २०२४ पासून त्यांना पुन्हा संपावर जावे लागले, आणि मार्चमध्ये हाती पडले ते ५ हजार. दहा वर्षे राबलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णयही त्याच महिन्यात निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना संप करावा लागला. सरकारने काढलेला निर्णय सरकारने पाळावा म्हणून संप! तुटीचा एक हिस्सा अशा रीतीने या स्त्रीपुरुषांच्या घरखर्चावर लिहिला जातो.

आमच्यातीलच काही मित्र म्हणतात की, सरकारी डॉक्टर वेळेवर येत नाहीत, काही जण खासगी दवाखाने चालवतात, खरेदीत हात ओले होतात. अशा यंत्रणेत आणखी पैसा ओतायचा कशाला? हा आक्षेप खोटा नाही आणि त्याला बगल देणे समाजवाद्यांना शोभत नाही. कर्मचारी संघटनांनीही कामचुकारांना पाठीशी घालण्याचे थांबवले पाहिजे. परंतु चोरी होते म्हणून धान्याचे कोठार ओस पाडायचे नसते; कोठाराच्या दारावर गावाची नजर ठेवायची असते. आज जळगावच्या किंवा धुळ्याच्या नागरिकाला आपल्या रुग्णालयाला यंदा किती निधी मंजूर झाला, किती आला, कोणत्या तारखेला आला, कोणती औषधे मागवली आणि कोणती मिळाली, हे कोठेही लिहिलेले दिसत नाही. रुग्ण कल्याण समित्या कागदावर आहेत. त्यांच्या बैठकांत रुग्णांचे प्रतिनिधी शोधून सापडत नाहीत.

म्हणून आमची मागणी मोघम नाही. २०२३ च्या मोफत उपचारांच्या निर्णयातून वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना वगळणारी तरतूद रद्द करून जळगाव आणि धुळे येथील शुल्काच्या खिडक्या बंद कराव्यात, आणि त्यामुळे रुग्णालयांच्या किरकोळ खर्चात जी घट येईल तेवढे अनुदान वर्षाच्या पहिल्या तिमाहीतच द्यावे. रिकाम्या जागांमुळे वाचलेला पगार वित्त विभागाने परत न घेता तो त्याच जिल्ह्याच्या आरोग्यसेवेत, भरती होईपर्यंत, खर्च करण्याचे बंधन घालावे. मग जागा रिकाम्या ठेवण्यातील गोडी आपोआप कमी होईल. आणि प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर मंजूर निधी, प्राप्त निधी आणि औषधसाठा यांचा दरमहा तक्ता लागावा.

हे मागून मिळणार नाही, हे उघड आहे. जळगाव आणि धुळे येथील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या अंदाजपत्रकी अधिवेशनापूर्वी एक काम हाती घ्यावे. शासकीय रुग्णालयातून बाहेर लिहून दिलेल्या औषधांच्या आणि तपासण्यांच्या चिठ्ठ्या, दुकानदाराच्या पावत्यांसह, रुग्णांच्या नातेवाईकांकडून त्यांच्या संमतीने, नावे झाकून, गोळा कराव्यात. तालुक्यातालुक्यात, चोपडा-यावलपासून साक्री-शिरपूरपर्यंत, एक महिनाभर हे काम चालावे. त्या रकमांची बेरीज करून ती जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांसमोर ठेवावी आणि अंदाजपत्रकाच्या कोणत्या शीर्षाखाली ती नोंदवली आहे, एवढाच प्रश्न विचारावा.